वाहू किकर कोअर: हातातल्या एका तासासाठी

नोकरी सांभाळून ट्रायथलॉन (पोहणं, सायकल, धावणं अशी सलग शर्यत) करणाऱ्याकडे सायकलसाठी बहुतेक दिवशी एकच तास असतो, आणि रस्त्यावर त्यातली पंधरा-वीस मिनिटं सिग्नल आणि गर्दी खातात. किकर कोअर हा घरात सायकल जागच्या जागी चालवायचा, ॲपला जोडता येणारा ट्रेनर, आणि तो घ्यायचा हा तास वाचवण्यासाठी. मागचं चाक काढून चेन थेट ट्रेनरवरच्या कॅसेटवर (मागच्या गिअरच्या चकत्यांच्या संचावर) बसते, त्यामुळे टायर घसरणं, झिजणं ही कटकट नाही. फ्लायव्हील (आतलं जड फिरतं चाक) ५.४ किलोचं, पॉवर मोजण्यातली चूक अधिक-उणे २ टक्के. कमाल १८०० वॉट भार आणि १६ टक्के चढाचा आभास हे आकडे जाहिरातीत छान दिसतात, पण हौशी खेळाडूचा जवळपास सगळा सराव १५० ते ३०० वॉटमध्ये होतो. तिथे हा ट्रेनर स्थिर राहतो, आणि तेच महत्त्वाचं.

बसवताना घोळ होतो तो कॅसेटपाशी. फ्रीहब (कॅसेट ज्यावर बसते तो भाग) ११ स्पीडचा असेल आणि कॅसेट ८, ९ किंवा १० स्पीडची, तर मागे १.८ मिमीचा स्पेसर (पातळ कडी) आधी घालावा लागतो. तो राहिला तर लॉकरिंग (कॅसेट आवळून धरणारी कडी) ४० न्यूटन-मीटरपर्यंत आवळूनही कॅसेट खुळखुळते. गिअर अडखळत असतील तर बॅरल ॲडजस्टर (गिअरच्या केबलचा ताण बदलणारी फिरकी) पाव-पाव फेरा फिरवून बघा. चाकावरची आणि ट्रेनरवरची कॅसेट किंचित पुढेमागे बसतेच. डिस्क ब्रेक असेल तर चाक काढल्याबरोबर पॅडमध्ये प्लास्टिकची चकती सरकवा. चुकून लिव्हर दाबला गेला की पॅड जवळ येतात आणि मग चाक परत आत जात नाही.

कॅलिब्रेशन, म्हणजे पॉवरचे आकडे बरोबर यावेत म्हणून करायची जुळणी, इथे स्पिनडाउनने होतं, आणि ते थंड ट्रेनरवर करू नये. बेल्ट आणि बेअरिंग तापले की घर्षण बदलतं, म्हणून १०-१५ मिनिटं चालवून झाल्यावरच ॲप सांगेल त्या वेगापर्यंत न्यायचं आणि पाय थांबवायचे. पेडलमधलं पॉवर मीटर ट्रेनरपेक्षा चार-पाच वॉट जास्त दाखवत असेल तर घाबरायचं कारण नाही, तेवढी ताकद चेनमध्येच जाते. फक्त एफटीपी (साधारण तासभर टिकवता येणारी कमाल सरासरी पॉवर) ज्या उपकरणावर काढला, सराव त्याच्याच आकड्यावर करा.

एर्ग मोडसाठी, म्हणजे ट्रेनर स्वतः भार बदलून ठरलेले वॉट टिकवतो त्या सोयीसाठी, हा ट्रेनर घ्यावा, आणि एर्ग मोडच नीट समजून घ्यावा. ४ × ८ मिनिटं, एफटीपीच्या ९५ ते १०० टक्क्यांवर, मध्ये ३ मिनिटं विश्रांती: असा सराव रस्त्यावर क्वचितच अखंड होतो, इथे होतो. पण पाय मंदावले की ठरलेले वॉट टिकवायला ट्रेनर भार वाढवतो, त्याने पाय आणखी मंदावतात, आणि बघता बघता पेडल चिखलात रुतल्यासारखं अडकतं. इंटरव्हल (जोराचा टप्पा) सुरू व्हायच्या दहा सेकंद आधीच कॅडन्स (मिनिटाला पेडलचे फेरे) ९० च्या वर न्या. अडकलातच तर जोर लावत बसू नका. एर्ग बंद करा, पाय मोकळे फिरू द्या, मग परत चालू करा. पुढची लहान चेनरिंग (पेडलजवळची दातेरी चकती) आणि मागचा मधला गिअर ठेवला की फ्लायव्हील सावकाश फिरतं आणि बदल लवकर लागू होतो. ३० सेकंदांच्या छोट्या इंटरव्हलला मात्र एर्ग वापरू नये, भार स्थिरावेपर्यंत निम्मा वेळ जातो.

पंखा ही चैन नव्हे. २०० वॉट पेडलवर देताना शरीर साधारण ६०० ते ८०० वॉट उष्णता टाकत असतं, आणि खोलीत ती उडवून न्यायला वारा नसतो. त्याच वॉटला हृदयाचे ठोके मिनिटागणिक चढत गेले तर दोष बहुधा पायांचा नसून हवेचा असतो. छातीवर एक मोठा पंखा हवाच. हँडलबारवर टॉवेल टाका, आणि स्टेमचे बोल्ट, हेडसेट दर वेळी पुसा. घामातलं मीठ हँडलबार टेपखाली मुरतं आणि तिथला गंज उशिरा दिसतो.

ट्रेनरवर सायकल जराही डुलत नाही, म्हणून बसण्याच्या हाडांवर भार एकाच जागी पडतो. दर आठ-दहा मिनिटांनी अर्धा मिनिट उभे राहा. एअरो बारवर (पुढे वाकून कोपर टेकवायच्या दांड्यांवर) सलग वीस मिनिटं टिकण्याची सवय मात्र इथे लावता येते, ती रहदारीत लावणं धोक्याचं. बूट शेजारी ठेवले तर उतरल्याबरोबर पंधरा मिनिटांचा ब्रिक रनही (सायकलनंतर लगेचचं धावणं) होतो.

आवाज ट्रेनरचा कमी, चेनचा जास्त. कंपनं खालच्या मजल्यावर जातात, तेव्हा जाड रबरी मॅट हवी. जुन्या युनिटमध्ये ब्लूटूथवर एका वेळी एकच उपकरण जोडलं जातं, त्यामुळे लॅपटॉपला ट्रेनर सापडत नसेल तर आधी फोनवरचं ॲप बंद करा.

वळणं, उतार, आडवा वारा, चालत्या सायकलवर एका हाताने बाटली काढणं यातलं काहीही हा ट्रेनर शिकवत नाही. पहिली स्पर्धा अजून व्हायची असेल आणि गर्दीत सायकल हाताळताना हात थरथरत असतील, तर आधी रस्त्यावर जा. ट्रेनर नंतर घ्या.