आठ महिने झाले वस्तऱ्याने दाढी करतोय, खरा खेळ धारेचा आहे

मागच्या दसऱ्याला सुरू केलं, आता जून लागला. आठवड्यातून तीनदा, बुधवार शुक्रवार रविवार, घरीच. सलूनमध्ये अर्धं ब्लेड मोडून घालतात तो वस्तरा नाही म्हणत मी, जुना अख्ख्या पोलादाचा, ज्याला चामड्याच्या पट्ट्यावर परजावं लागतं तो. मी अमळनेरला राहतो, इथे याबद्दल कोणाला विचारावं तेच कळेना, आणि जेवढे व्हिडिओ पाहिले त्यात सगळे वस्तरा कसा धरायचा तेच दाखवत होते. पण माझे पहिले दोन महिने वाया गेले ते हातामुळे नाही, धारेमुळे. म्हणून एवढं सविस्तर लिहितोय, कोणी नवीन सुरू करत असेल तर त्याचे तेवढे दोन महिने तरी वाचतील.

पहिला वस्तरा ऑनलाइन मागवला, साडेसातशेचा, लाकडी मूठ, छान डबी, एकदम चकचकीत. पहिल्याच दिवशी डाव्या गालावर फिरवला तर केस कापायच्या ऐवजी ओढत होता, डोळ्यांत पाणी आलं. वाटलं आपला कोन चुकतोय. मग कोन बदलून पाहिला, फेस दाट केला, गरम पाण्याचा टॉवेल दहा दहा मिनिटं लावून पाहिला, तरी तेच, गळ्यावर बारीक लाल पुरळ यायला लागलं आणि घरचे म्हणायला लागले की बंद कर हे. शेवटी आमच्या गल्लीतल्या नानांकडे गेलो. नानांनी चाळीस वर्षं दाढी-कटिंगचं दुकान चालवलं, आता घरीच असतात, पण धोकटी अजून माळ्यावर न टाकता कपाटात ठेवलेली आहे.

नानांनी वस्तरा हातात घेतला, खिडकीजवळ गेले, धार डोळ्यांसमोर सरळ धरली आणि हळूहळू वाकडी करत पाहिली. मला म्हणे बघ. धारेवर मधोमध एक पांढरी रेघ चमकत होती. खरी धार असली ना तर ती उजेडात दिसतच नाही, कारण उजेड परत फेकायला तिथे जागाच उरत नाही, चमकली म्हणजे तेवढी बोथट. मग फरशीवर आडवा ठेवला तर पातं टोकाकडून उचललेलं, म्हणजे वाकलेलं. नाना अहिराणीत म्हणाले, "हाऊ वस्तरा नही शे भाऊ, नुसता वस्तराना आकार शे." पातंच वाकडं असेल तर धार दगडावर सगळीकडे सारखी टेकत नाही, अशा वस्तऱ्याला कितीही घासा, दाढीची धार बसणं फार अवघड. विकणाऱ्याने वर ठळक लिहिलं होतं की दाढीसाठी तयार आहे. तयार नव्हता. त्याचा मला आजही राग आहे, कारण नवीन माणूस अशा वेळी स्वतःलाच दोष देतो आणि सोडून देतो.

दुसरा वस्तरा मामेभावाने पुण्याच्या जुन्या बाजारातून आणला. मुठीजवळच्या पोलादावर सोलिंगेनचा शिक्का. हे जर्मनीतलं चाकू-कात्र्या-वस्तऱ्यांचं गाव, तिथे बनलेल्या मालावरच हे नाव घालता येतं असा तिथे १९३८ पासून कायदाच आहे. पाठीवर गंजाचे ठिपके होते पण धारेला खाच नव्हती, जुना घेताना हे एवढं नक्की बघा, वरचा गंज निघतो, धारेपर्यंत पोचलेला गंज सगळं खाऊन टाकतो. पात्याची रुंदी इंचाच्या आठव्या भागात मोजतात, माझा ५/८ आहे म्हणजे साधारण १६ मिलिमीटर, नवशिक्याला हाच बरा, नाकाखाली पण वळतो. आणि टोक गोल घ्या, चौकोनी टोक सुरुवातीला कानाजवळ हमखास लागतं.

धार नानांनी लावून दिली. १००० नंबरचा दगड, मग ४०००, मग ८०००, नंबर जितका मोठा तितका दगड बारीक, प्रत्येकावर पाणी. तेव्हा एक गोष्ट डोळ्यांसमोर कळली की वस्तऱ्याची जाड पाठ उगाच नाही, पाठ आणि धार दोन्ही एकाच वेळी दगडावर टेकवायची, मग कोन आपोआप ठरतो, हाताने अंदाज करायची गरजच नाही. १००० वरच त्यांनी जवळपास अर्धा तास घातला. म्हणाले इथे कच्चं राहिलं तर पुढचे दगड नुसती चमक आणतील.

आता पट्टा, आणि मी म्हणेन की सगळ्यात जास्त वेळ शिकण्यात इथेच द्या. पट्टा मी बाजारपेठेतल्या मोचीदादांकडून करून घेतला, तीन इंच रुंद, दोन फूट लांब, एका बाजूला चामडं एका बाजूला जाड कॅनव्हास, वर खिडकीच्या गजाला अडकवायला कडी. दगडावर धार पुढे जाते, पट्ट्यावर पाठ पुढे आणि धार मागून ओढत यायची, हे उलटं झालं की पट्टा कापला गेला समजा. माझा पहिल्याच आठवड्यात कापला गेला, परतताना मी पातं उचलून फिरवलं होतं. नानांनी हात धरून दाखवलं, पट्ट्याच्या टोकाला आल्यावर थांबायचं, पाठ चामड्यावरून उठूच द्यायची नाही, दोन बोटांत मुठीजवळचा भाग गोल फिरवायचा, पातं पाठीवरच लोळतं आणि मग परत. आवाज पण ऐकायला शिकवला, बरोबर चाललं की दोन्ही बाजूंनी सारखा सळसळ आवाज येतो, एका बाजूला खरखर आली की तिकडे हात दाबतोय. पट्टा सैल सोडायचा नाही, लोंबला की धार गोल होते. मी आता कॅनव्हासवर वीस आणि चामड्यावर पन्नास फेऱ्या करतो, दर दाढीच्या आधी, पाच मिनिटं लागतात.

मऊ केसाने पोलाद बोथट कसं होतं हा प्रश्न मला पण पडला होता. यावर अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांचं काम २०२० मध्ये आलं, केस पोलादापेक्षा साधारण ५० पट मऊ असतो तरी तो वाकून पात्याला बाजूने भिडला तर धारेचे बारीक कपचे उडतात असं त्यांना सूक्ष्मदर्शकाखाली दिसलं. ते वाचल्यापासून मी दाढी भिजवण्यात कंजूसी करत नाही, आणि कातडी ताणून धरतो म्हणजे केस वाकायच्या आधी कापला जातो.

प्रत्यक्ष दाढीचं सांगायचं तर पहिले तीन आठवडे फक्त दोन्ही गाल वस्तऱ्याने, बाकी सगळं साध्या रेझरने, असंच करा, घाई नको. कोन साधारण ३० अंश, जास्त उभा केला की कापतो, अगदी आडवा केला की ओढतो. जोर शून्य. नानांचं वाक्य माझ्या डोक्यात बसलंय, "जोर नको लावू भाऊ, धार तिनं काम करस." आणि एक, धारेच्या लांबीच्या दिशेने म्हणजे आडवं कधीच सरकवायचं नाही, भाजी कापल्यासारखं, माझी जी एकमेव खोल जखम झाली ती हनुवटीजवळ अशीच झाली, फोन वाजला आणि हात आडवा सरकला. तेव्हापासून फोन बाहेरच्या खोलीत. पहिला हात केसांच्या दिशेने, दुसरा वाढीला आडवा, उलट्या दिशेने मी सहाव्या महिन्यात सुरू केलं आणि तेही फक्त गालांवर. नंतर गार पाणी आणि तुरटी, जिथे झोंबेल तिथे जोर पडला होता हे कळतं.

आपल्याकडच्या दोन अडचणी कोणत्याच व्हिडिओत नाहीत. एक म्हणजे बोअरचं पाणी. आमचं इतकं जड आहे की बादलीला पांढरा थर बसतो, त्यात साबणाचा फेस होतच नाही, दह्यासारखा फाटतो आणि वस्तरा कोरड्या कातडीवर चालतो. मी फेसापुरतं एक वाटी फिल्टरचं पाणी घ्यायला लागलो आणि त्याच साबणाचा फेस एकदम घट्ट लोण्यासारखा यायला लागला, ब्रश आधी त्यातच भिजवायचा. दुसरी म्हणजे आपला उन्हाळा. एप्रिल-मेमध्ये ४४-४५ डिग्रीत एक गाल होईपर्यंत दुसऱ्या गालावरचा फेस वाळतो, वर घाम. मग मी सकाळी सहाच्या आत करायला लागलो आणि एका वेळी एकाच भागाला फेस लावतो.

पावसाळ्याची काळजी आत्तापासून घेतोय कारण कार्बन स्टीलला रात्रीत ठिपका पडतो. धुतल्यावर पुसायचा, मुठीच्या खिळ्याजवळचं पाणी कापडाच्या टोकाने टिपायचं, शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब, आणि बाथरूममध्ये अजिबात ठेवायचा नाही, माझा कपाटात असतो.

अजून एक कळकळीने सांगतो, वस्तरा एकाचा एकच. भाऊ म्हणाला मला पण दे, दिला नाही. हिपॅटायटिस बीचा विषाणू वाळलेल्या रक्तात निदान सात दिवस जिवंत राहू शकतो, रक्ताचा ठिपका डोळ्यांना दिसेलच असं नाही. नानांनी स्वतःच्या दुकानात याच भीतीने ब्लेडचा वस्तरा आणला आणि जुने धोकटीत गेले. त्यांना त्याचं वाईट वाटतं, पण निर्णय बरोबर होता असंच ते म्हणतात.

घ्यावा का? सकाळी ऑफिसची गाडी पकडायची असेल तर नको, मला परजण्यासकट अजून पंचवीस मिनिटं लागतात. पण गळ्यावरचं पुरळ पूर्ण गेलं, कातडीच्या आत वळून वाढणारे केस यायचे ते थांबले, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत गाल गुळगुळीत असतो. पैसे वाचतात असं मी म्हणणार नाही, दगड महाग आहेत, धार लावून देणारा ओळखीचा असेल तर आधी फक्त चांगला वस्तरा आणि पट्टा घ्या.

वरच्या ओठाचा मधला भाग अजून मला जमत नाही, तेवढा साध्या रेझरनेच करतो. गेल्या दोन दाढ्यांपासून हनुवटीवर जरा ओढतोय, म्हणजे ८००० च्या दगडावर परत न्यायची वेळ आली. रविवारी नानांकडेच जाणार आहे, यावेळी दगड मी चालवणार आणि ते शेजारी बसणार असं ठरलंय.