लिंडन जॉन्सन, चार खंडांत: कुठून सुरू करावं, कुठे दमछाक होते

अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष राहिलेल्या जॉन्सन यांचं रॉबर्ट कॅरो यांनी लिहिलेलं चरित्र म्हणजे 'द इयर्स ऑफ लिंडन जॉन्सन'. त्याचे चार खंड निघालेत: १९८२, १९९०, २००२ आणि २०१२. मिळून तीन हजारांवर पानं, आणि चरित्र अजून अपुरंच.

एवढा पसारा सार्थ कुठे ठरतो? कृष्णवर्णीयांच्या मताधिकारासाठीचा १९५७ चा नागरी हक्क कायदा घ्या. दक्षिणेतल्या सिनेटरांना तो नको होता, पश्चिमेकडच्यांना हेल्स कॅन्यनचं धरण हवं होतं. तेव्हा सिनेटमधल्या बहुमताचे नेते असलेल्या जॉन्सननी या दोन गरजांची सांगड घालून मतं कशी जमवली, ते तिसऱ्या खंडात एकेका सिनेटरचं नाव घेऊन उलगडतं. या कायद्याची धार कशी बोथट झाली, तेही लेखक झाकत नाही. छोट्या चरित्रात हे सगळं दोन ओळींत उरकतं.

पहिल्या खंडातलं 'द सॅड आयर्न्स' हे प्रकरण तर एकट्यानेच पुस्तकाचे पैसे वसूल करतं. वीज येण्याआधीचा टेक्सासचा हिल कंट्री, विहिरीतून ओढायचं पाणी, चुलीवर तापवायच्या सहा-सात पौंडांच्या इस्त्र्या, वयाआधी वाकलेल्या बायका. तिथे वीज आणणाऱ्या खासदाराला लोकांनी डोक्यावर का घेतलं, हे मग वेगळं सांगावं लागत नाही.

दुसरा खंड सगळ्यांत कच्चा. १९४८ ची, ८७ मतांनी जिंकलेली सिनेट उमेदवारीसाठीची डेमोक्रॅटिक पक्षांतर्गत निवडणूक आणि तिचा निकाल फिरवणाऱ्या, संशयास्पद मतांच्या १३ नंबरच्या मतपेटीचा छडा झकास; पण प्रतिस्पर्धी कोक स्टीव्हन्सन फारच धुतल्या तांदळासारखा उभा केलाय.

वाचक गळतात ते दोन जागी. पहिल्या खंडातले पूर्वज भरभर चाळले तरी बिघडत नाही. तिसऱ्याच्या सुरुवातीचा सिनेटचा इतिहास, शंभरेक पानांचा, मात्र गाळू नका. ज्येष्ठतेचा नियम (जुन्या सदस्यांकडे समित्यांची सूत्रं) आणि फिलिबस्टर (बोलत राहून मतदान रोखणं) कळल्याशिवाय पुढचे डाव डोक्यावरून जातात. नुसतीच चव घ्यायची तर चौथ्या खंडातला केनेडींच्या हत्येपासूनचा भाग वाचा. वेग तिथे सर्वाधिक आहे.

एक गैरसोय: मजकुरात टिपांचे आकडे नाहीत. टिपा शेवटी, पान आणि शब्द देऊन लावल्यात, म्हणून खुणेच्या दोन पट्ट्या ठेवा.

व्हिएतनाम युद्धाबद्दल वाचायला घेणार असाल तर थांबा. चौथा खंड १९६४ च्या सुरुवातीलाच संपतो.