पासिंगचं स्वयंचलित केंद्र: यंत्र काय मोजतं आणि गाडी कुठे अडकते

गाडीचं पासिंग यंत्रांवर करणाऱ्या स्वयंचलित चाचणी केंद्राचा, म्हणजे एटीएसचा, विचार करताना आधी एक नियम बघावा. हे केंद्र चालवणाऱ्याला गाड्या दुरुस्त करायला, विकायला किंवा सुटे भाग विकायला परवानगी नाही. त्याचं काम फक्त तपासणी. ‘ब्रेकचे लायनर गेलेत, आमच्याकडेच बदलून घ्या’ असं तो म्हणू शकत नाही. फेरचाचणीची फी सोडली, तर गाडी नापास करून त्याला काही मिळत नाही. ग्राहकाच्या बाजूने या व्यवस्थेतली ही सगळ्यात मोलाची गोष्ट. केंद्राच्या फाटकात कुणी अमुक गॅरेजचं कार्ड हातात ठेवलं, तर तिथे काहीतरी बिघडलंय असं खुशाल समजा.

जुनी पद्धत अनेकांना माहीत आहे. मोटार वाहन निरीक्षक गाडीभोवती फिरून बघायचे, मग २५० मीटरच्या चाचणी पथावर गाडी पळवून ब्रेक दाबायला लावायचे. पुण्याच्या गाड्यांना त्यासाठी दिवे गावाजवळचं मैदान गाठावं लागायचं. निरीक्षकाची नजर पक्की असेल तर ती तपासणीही चांगलीच व्हायची. पण गाडी सरळ थांबली म्हणजे चारही चाकांचे ब्रेक सारखे लागले, असं त्यावरून छातीठोकपणे सांगता येत नाही. यंत्रावर ते आकड्यांत कळतं. आपल्या राज्यात नाशिकला अशी यंत्रांची तपासणी बरीच आधी सुरू झाली. पुढे २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्याच्या कलम ५६ मध्ये दुरुस्ती झाली आणि २०२१ मध्ये केंद्राने एटीएसचे सविस्तर नियम काढले.

कुणाला, कधी जावं लागतं, यात लोकांचा फार घोळ होतो. व्यावसायिक गाडीला, म्हणजे टेम्पो, ट्रक, टॅक्सी, रिक्षा, स्कूल बसला, फिटनेस प्रमाणपत्र सक्तीचं. नव्या गाडीला ते दोन वर्षांचं मिळतं. त्यानंतर गाडी ८ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी आणि ८ वर्षांनंतर दरवर्षी पासिंग. खाजगी कार आणि दुचाकीची नोंदणी १५ वर्षं चालते. मग गाडी दाखवून दर वेळी ५ वर्षांसाठी नूतनीकरण. त्याचा अर्ज नमुना २५ मध्ये करायचा, आणि मुदत संपण्याआधीच्या ६० दिवसांत तो करता येतो. महाराष्ट्रात यासोबत पर्यावरण करही आहे: व्यावसायिक गाडीला ८ वर्षांनंतर, खाजगीला १५ वर्षांनंतर. तो थकला असेल तर अर्ज तिथेच थांबतो.

केंद्र शोधायला नकाशावर ‘फिटनेस सेंटर’ टाकू नका. त्यात पीयूसीच्या टपऱ्या, एजंटची ऑफिसं आणि चक्क जिमसुद्धा निघतात. परिवहनच्या संकेतस्थळावर ‘वाहन’ सेवेत जा, गाडीचा नंबर आणि चासी नंबरचे शेवटचे पाच आकडे टाका, फिटनेसचा अर्ज निवडा. तुमच्या गाडीच्या प्रकाराला जी केंद्रं खुली आहेत ती तिथे दिसतात, आणि अपॉइंटमेंटही तिथेच. यादीत नाव नसलेल्या ठिकाणचा कुठलाही कागद पासिंगला चालत नाही. गाडी परराज्यात अडकली असेल तर तिथल्या केंद्रात चाचणी देण्याची सोय २०२२ च्या दुरुस्तीने झाली आहे. लांब पल्ल्याच्या ट्रकमालकांना त्याचा मोठाच दिलासा.

अर्ज भरण्याआधी विमा, पीयूसी, रोड टॅक्स आणि परमिट चालू आहेत का आणि ई-चलान बाकी आहेत का, एवढं पाहून घ्या. सीएनजी गाडी असेल तर टाकीची हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाची चाचणी, तीन वर्षांच्या आत झालेली हवी. तिची तारीख टाकीच्या प्लेटवर असते. ती प्लेट डिकीतल्या सामानाखाली दबलेली असते आणि बघायचं नेमकं राहून जातं.

केंद्रावर आधी ओळख पटवतात: आरसीवरचा चासी नंबर आणि इंजिन नंबर गाडीवर जुळला पाहिजे. ट्रकच्या चासीवर ग्रीस आणि चिखलाचा थर बसलेला असतो, तर जुन्या कारच्या नंबरवर गंज. आदल्या दिवशी तारेच्या ब्रशने हळूच साफ करून, थोडं तेल लावून, नंबर वाचता येतो का ते पाहा. ग्राइंडर अजिबात लावू नका. एखादा आकडा पुसट झाला की गाडी पुढे जातच नाही, आणि नंबर पुन्हा ठोकून घ्यायला आरटीओची परवानगी लागते.

मग गाडी लेनवर चढते. साइड स्लिपची पाटी पहिली: चाक तिच्यावरून जाताना पाटी डावी-उजवीकडे किती सरकते ते मोजलं जातं, म्हणजे टो, चाकांचा आत-बाहेर असलेला कल, किती चुकलाय ते कळतं. इथे स्टिअरिंग घट्ट धरून किंवा वेगात गेलं की आकडा उगाच बिघडतो. माणूस चालतो त्याच्या किंचित पुढे एवढा वेग, गाडी सरळ, हात सैल. अलाइनमेंट ताजी असूनही आकडा जास्त आला, तर आधी टाय रॉड एंड, म्हणजे स्टिअरिंगचा चाकाजवळचा सांधा, हलवून पाहा, कारण त्यात खेळ असेल तर अलाइनमेंट दुसऱ्याच दिवशी सुटते.

ब्रेकची चाचणी ही या केंद्राची खरी कसोटी, आणि सगळ्यात जास्त गाड्या इथेच अडकतात. एका अ‍ॅक्सलची दोन्ही चाकं रोलरच्या दोन जोड्यांवर उभी राहतात. मोटरने रोलर संथ फिरतात, चालक ब्रेक हळूहळू दाबत नेतो, आणि प्रत्येक चाक रोलरला किती जोराने अडवतं ते वेगवेगळं नोंदलं जातं. त्या अ‍ॅक्सलवरचं वजनही यंत्र घेतं. समजा वजन ८०० किलो, डाव्या चाकाचा जोर २६० आणि उजव्याचा १७०. एकूण ४३०, म्हणजे वजनाच्या जवळपास ५४ टक्के. एकूण जोर ऐकायला बरा वाटतो. पण दोन चाकांतला फरक ९०, म्हणजे जास्त जोराच्या चाकाच्या तुलनेत ३५ टक्के! अशी गाडी पावसात जोरात ब्रेक लावला की डावीकडे ओढणार. चालकाला हे रोज जाणवत नाही, कारण त्याचे हात नकळत स्टिअरिंग सावरून घेत असतात.

फरक कशाने पडतो? ड्रम ब्रेक असेल तर व्हील सिलिंडरची गळती आधी पाहा: लायनरला तेल लागलं की ते चाक हातचं गेलं, आणि तो लायनर पेट्रोलने धुऊन सुधारत नाही, जोडीच बदलावी लागते. डिस्क असेल तर कॅलिपरची पिन सुकून अडकलेली असते. एअर ब्रेकच्या गाड्यांत दोन बाजूंचे स्लॅक अ‍ॅडजस्टर (ब्रेकचा सैलपणा काढणारे भाग) सारखे नसणं हे नेहमीचं कारण. अर्ध्या तासाचं काम, पण दोन्ही बाजू एकाच माणसाने एकाच हाताने करायला हव्यात. सोबत एअर टाकीतलं पाणी काढून टाका.

रिकाम्या ट्रकची मागची चाकं हलकी असल्यामुळे रोलरवर लवकर घसरतात. चाक घसरलं की रोलर थांबतात आणि त्या क्षणापर्यंतचा जोर नोंदला जातो. टायर ओले असतील तर हे आणखी लवकर घडतं, म्हणून पासिंगच्या दिवशी सकाळी गाडी धुऊन तशीच ओली लेनवर आणू नका. हवा दोन्ही बाजूंना सारखी ठेवा. पेडलवर एकदम लाथ मारल्यासारखा ब्रेक दाबला तरी चाक झटकन घसरून आकडा कमी येतो. तीन-चार सेकंद घेऊन दाबत न्यायचा. हँडब्रेक वेगळा मोजतात, आणि केबल ताणलेली असली की तो तिथेच उघडा पडतो. कायम चारही चाकांना ताकद जाणारी गाडी असेल तर लेनवर चढण्याआधीच सांगा. एका अ‍ॅक्सलच्या रोलरवर ती चुकीच्या पद्धतीने फिरवली तर गिअरबॉक्सचं नुकसान होऊ शकतं. चांगल्या केंद्रातला ऑपरेटर हे स्वतःहून विचारतो. केंद्र कसं आहे हे त्या एका प्रश्नावरून कळतं.

पुढे खड्ड्यावर गाडी उभी करून चाकाखालच्या पाट्या हायड्रॉलिकने इकडे-तिकडे हलवतात आणि खालून टॉर्च धरून निरीक्षक सांधे बघतो. कारमध्ये बॉल जॉइंट आणि कंट्रोल आर्मचे बुश, ट्रकमध्ये किंगपिन (पुढचं चाक जिच्यावर वळतं ती पिन) आणि स्प्रिंगच्या पाट्यांच्या शॅकल पिना. पासिंगच्या तोंडावर भरपूर ग्रीस भरून खेळ लपत नाही, तो वरून दाबल्यासारखा दिसतो एवढंच. सस्पेन्शनची चाचणी ३.५ टनांपर्यंतच्या गाड्यांना. शॉक अ‍ॅब्सॉर्बरवर तेलाचा ओघळ असेल तर तिची वाटच पाहू नका.

हेडलाइटवर वेगळं बोलायला हवं, कारण इथल्या चुका मालकाने स्वतःच्या पैशाने करून घेतलेल्या असतात. हॅलोजनसाठी बनवलेल्या रिफ्लेक्टरमध्ये बाजारातला एलईडी बल्ब घातला की उजेड डोळ्याला जास्त वाटतो, पण डिपरची वरची कडा राहत नाही. उजेड सगळीकडे फुटतो आणि समोरच्याच्या डोळ्यांत जातो. यंत्र नेमकी ती कडा आणि उजेडाचा रोख पाहतं. कंपनीचा हॅलोजन परत बसवा. पिवळी पडलेली काच पॉलिश करून घ्या. मग सपाट जागेवर भिंतीपासून १० मीटरवर गाडी लावा, डॅशबोर्डवरचं लेव्हलचं बटण शून्यावर ठेवा आणि डिपर लावा. उजेडाची कडा दिव्याच्या मध्यापेक्षा साधारण १० सेंटीमीटर खाली पडली पाहिजे. फार वर असेल तर हेडलाइटच्या मागचा स्क्रू फिरवून खाली आणता येते. पण मागचे पाटे बसल्यामुळे गाडीचं तोंड वर झालं असेल, तर स्क्रू फिरवून ते लपवू नका.

धुराच्या चाचणीला डिझेल गाडी गरम असावीच लागते. अ‍ॅक्सिलरेटर झटकन पूर्ण दाबून सोडतात, असं काही वेळा, आणि धुराची घनता मोजतात. बीएस-४ डिझेलला मर्यादा ५० एचएसयू (धुराच्या घनतेचं एकक), त्याआधीच्या गाड्यांना ६५. आठवडाभर गल्लीबोळांतच फिरलेली गाडी थेट लेनवर आणू नका. मोकळ्या रस्त्यावर पंधरा-वीस मिनिटं चालवून इंजिन नीट तापवून आणा, एअर फिल्टर बदला. टायमिंग बेल्टची मुदत संपली असेल तर तो आधी बदलून घ्या. या चाचणीत इंजिन पार वरच्या आरपीएमला जातं आणि जुना बेल्ट तिथे तुटला तर इंजिन खोलावं लागतं. बीएस-४ पेट्रोल कारला आयडलवर कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्क्यांच्या आत हवा. तो वर गेला तर प्लग आणि ऑक्सिजन सेन्सर आधी तपासा.

डोळ्यांनी होणाऱ्या तपासणीतल्या गोष्टी स्वस्त, आणि त्यांच्यावरून गाडी परत जाणं हा निव्वळ वेळेचा चुराडा. टायरची नक्षी कारला आणि ट्रकला १.६ मिलिमीटर, दुचाकी-तीनचाकीला ०.८ मिलिमीटर उरलेली हवी. खाचेतली टायरची छोटी खूण नक्षीच्या बरोबरीला आली की टायर संपला. ट्रकला रेडियम पट्टी पुढे पांढरी, मागे लाल, बाजूला पिवळी. मागचा लोखंडी गार्ड वाकलेला नको. वायपर, हॉर्न, सगळे इंडिकेटर, सीटबेल्ट, उच्च सुरक्षा नंबर प्लेट. स्पीड गव्हर्नर ज्या गाड्यांना सक्तीचा आहे त्यांना ताशी ८० किलोमीटर. डंपर, टँकर आणि स्कूल बसला ६०. त्याचं सील तुटलेलं असेल तर वेग बरोबर असूनही अडचण येते.

एवढं सगळं झाल्यावर मिळणारा अहवाल हा या सेवेचा खरा माल. पास असो की नापास, प्रत्येक चाचणीचा आकडा त्यावर असतो. तो न वाचता घडी घालून ठेवणारे मालक पाहिले की वाईट वाटतं, कारण एवढी नेमकी माहिती कुठलंही गॅरेज देत नाही. पास झालेल्या गाडीतही दोन चाकांतला फरक मर्यादेच्या काठावर असेल तर पुढच्या सर्व्हिसिंगला तो कागद मेकॅनिकच्या हातात द्या. केंद्र फक्त ‘पास’ म्हणून मोकळं होत असेल आणि आकडे द्यायला टाळाटाळ करत असेल, तर पुढच्या वेळी दुसरं केंद्र निवडा.

या व्यवस्थेची कमतरताही आहे. यंत्र त्या दिवशीचं मोजतं, तेवढंच. आतून गंजलेला ब्रेक पाइप, भेगाळलेला होस किंवा दहा वर्षं न बदललेलं ब्रेक ऑइल रोलरवर दिसत नाही; तिथे अजूनही खालून टॉर्च मारणाऱ्या माणसाचाच भरवसा. म्हणून खड्ड्यावरची तपासणी दोन मिनिटांत उरकणाऱ्या केंद्राला आम्ही कमी गुण देतो, यंत्रं कितीही नवी असोत.

नापास झाल्यास दोष दुरुस्त करून ठरलेल्या मुदतीत फेरचाचणीचा अर्ज करता येतो. निकाल पटला नाही तर अपिलाचीही सोय आहे. फेरचाचणीतही गाडी नापास झाली तर ती आयुष्य संपलेली ठरू शकते, म्हणून घाईघाईत अर्धवट काम करून परत नेऊ नका. ब्रेक अडले असतील तर गॅरेजमधून रोलरवरचे नवे आकडे घेऊनच जा. मोठ्या वर्कशॉपमध्ये ही सोय असते.

पास झाल्यावर नमुना ३८ मधलं प्रमाणपत्र हातात येतं. त्यावरचा चासी नंबर, इंजिन नंबर आणि मुदतीची तारीख आरसीशी ताडून पाहा, शक्यतो केंद्राच्या आवारातून निघायच्या आधीच.