फेरस फ्युमरेट बीपी, 25 किलोचा ड्रम: लोट्याच्या पावसाळ्यात कितपत टिकतो?

लोटे-परशुराम किंवा महाडच्या एमआयडीसीत लोहाच्या गोळ्या काढायच्या तर फेरस सल्फेटपेक्षा फेरस फ्युमरेट बरं; दोन्ही लोहाचे क्षारच. हिरवं हेप्टाहायड्रेट सल्फेट दमट हवेत तांबूस पडतं आणि त्यात लोह जेमतेम 20 टक्के. फ्युमरेटमध्ये 32.87. म्हणजे 60 मिग्रॅ लोहाच्या गोळीला 182.5 मिग्रॅ पुरतं. माल 98 टक्के शुद्धतेचा असेल तर 186 धरा. चवही जवळजवळ नाहीच.

गोची वेगळीच आहे. सल्फेट बिघडलं की डोळ्यांना दिसतं. फ्युमरेट मुळातच विटकरी, त्यामुळे आत फेरिक (हवेने ऑक्सिडेशन झालेलं लोह) वाढलं तरी रंग चुगली करत नाही. सीओएवरच्या (पुरवठादाराच्या तपासणी-दाखल्यावरच्या) शुद्धतेवरही विसंबू नका: बीपीची (ब्रिटिश औषधसंहितेची) मर्यादा 93 ते 101 टक्के, चांगलीच सैल (यूएसपी, म्हणजे अमेरिकी संहिता, 97 पासून सुरू होते). पाहायचा तो फेरिकचा आकडा, कमाल 2 टक्के. 3 ग्रॅम नमुना हायड्रोक्लोरिक आम्लात पटकन उकळून लगेच थंड करायचा, पोटॅशियम आयोडाइड घालून बूच लावून अंधारात ठेवायचा, मग 0.1 मोलर थायोसल्फेटने टायट्रेट. ब्लँक (नमुना न घालता केलेली तीच चाचणी) वजा जाता 10.7 मिलीच्या वर गेलं की माल परत. उकळण्यात रेंगाळलात तर हवेनेच फेरिक वाढतं आणि चांगला लॉट उगाच नापास होतो.

पुरवठादाराची खरी कमजोरी पॅकिंग. ड्रमच्या आत पातळ लाइनर (प्लास्टिकची पिशवी) एकच, तोंडाला साधा पीळ. जुलैत कशेडी घाट उतरून भिजत आलेल्या ट्रकमधल्या मालाला हे पुरत नाही. बीपीत वाळवणीतली घट (वाळवल्यावर कमी होणारं वजन, म्हणजे ओल) कमाल 1 टक्का; अर्धा वापरलेला ड्रम पावसाळ्यात तसाच ठेवला तर ती मर्यादा हातची जाते. दुहेरी लाइनर, प्रत्येकाला वेगळा केबल टाय, एवढं ऑर्डरमध्येच लिहून घ्या.

पावडर बारीक आहे, हॉपरमधून नीट वाहत नाही. वेट ग्रॅन्युलेशन (पावडर ओली करून दाणे पाडणं) करणाऱ्यांना अडचण नाही, डायरेक्ट कॉम्प्रेशनला (पावडर थेट दाबून गोळ्या करायला) मात्र दाणेदार ग्रेडच मागवा. गोळीत लोहासोबत 500 मायक्रोग्रॅम फॉलिक आम्लही द्यायचं असेल आणि ते एकदम ओतलंत तर एका गोळीत जास्त, दुसरीत नाहीच. आधी थोड्या फ्युमरेटमध्ये मिसळा, मग दरवेळी मिश्रणाइतकंच फ्युमरेट घालून ते दुप्पट करत न्या. धूळ मात्र भयंकर उडते, भिंतीही लाल होतात. पांढऱ्या गोळ्यांची लाइन शेजारच्या खोलीत ठेवू नका.