सातवीचा इतिहास-भूगोल, एक टीव्ही आणि चार टॅब: आठ महिन्यांनंतर

वाई तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत मी सातवीला इतिहास-नागरिकशास्त्र आणि भूगोल शिकवते. वर्गात ३१ मुलं. थोडं पडद्यावर, थोडं प्रत्यक्ष, असं मिश्र अध्यापन जूनपासून सुरू केलं. सामान एवढंच: लोकवर्गणीतून आलेला टीव्ही, चार टॅब आणि माझा फोन.

पहिले दोन महिने वाया गेले म्हटलं तरी चालेल. ‘व्हिडिओ घरी बघून या, वर्गात चर्चा करू’ असं ठरवलं होतं. पण घरातला एकुलता एक फोन वडिलांबरोबर शेतावर जातो, रात्री आठला परत येतो आणि मग आधी थोरल्या भावाचा नंबर लागतो. कोणी कोणी पाहिलं म्हणून सकाळी विचारलं की दहा-बारा हात वर. बाकीची मुलं खाली मान घालून बसायची, ते मला बघवेना. गणपतीनंतर घरचा व्हिडिओ बंद केला. आता पुस्तकातला क्यूआर कोड ‘दीक्षा’ या सरकारी शैक्षणिक ॲपवर स्कॅन करून हवं ते आदल्या दिवशीच टॅबवर उतरवून ठेवते, म्हणजे नेट नसलं तरी अडत नाही. मुलं शाळेतच गटागटानं बघतात. सहा-सात मिनिटांच्या वरचा व्हिडिओ मी घेतच नाही. त्यापुढं लक्ष उडतं.

वाचायला अडखळणाऱ्या मुलांना याचा सगळ्यात जास्त फायदा झाला. न कळलेलं पुन्हा पुन्हा ऐकता येतं, कुणाला विचारावं लागत नाही. तोटाही लगेच दिसला. पहिल्या सत्राच्या पेपरात उत्तरं आखडली. तोंडी भरभरून सांगणारी मुलं कागदावर दोन ओळींत थांबली. तेव्हापासून प्रत्येक व्हिडिओनंतर वहीत पाच ओळी लिहायच्याच. नागरिकशास्त्राला पडदा फारसा लागला नाही. मूलभूत हक्कांवर मुलं एकमेकांशी वाद घालतात, तेच पुरेसं होतं.

माझं मन बसलं ते प्रतापगडावर. समोच्च रेषांचा, म्हणजे नकाशावर सारख्या उंचीची ठिकाणं जोडणाऱ्या रेषांचा पाठ भूगोलाच्या पुस्तकात शेवटी आहे. तो मी मुद्दाम नोव्हेंबरात ओढला, कारण अफझलखानाची भेट १० नोव्हेंबर १६५९ची आणि खानाची छावणी आमच्या वाईलाच होती. आधी बटाटे आणले. अर्धा कापलेला बटाटा पालथा घालून परातीत ठेवायचा, बोटाच्या पेराएवढं पाणी ओतायचं, पाण्याच्या कडेनं पेनानं रेघ मारायची. मग आणखी पाणी, आणखी रेघ. वरून पाहिलं की एकात एक कडी दिसतात. पोरींनी तर मुद्दाम एका बाजूनं उभट असलेला बटाटा शोधला होता, त्या बाजूच्या रेघा एकमेकींना चिकटल्या.

मग भारतीय सर्वेक्षण विभागाचा १:५०,००० प्रमाणाचा नकाशा पसरला. त्यात दोन रेषांमध्ये २० मीटर उंचीचा फरक असतो. एकानं ओळखीचा पसरणी घाट शोधला, दाट रेषांवर बोट ठेवलं आणि म्हणाला, ‘‘मॅडम, म्हणूनच आपली एसटी इथं रडत चढते!’’

त्यानंतर टीव्हीवर गूगल अर्थ लावलं आणि वाईहून रडतोंडीच्या घाटानं प्रतापगडाच्या पायथ्याच्या पार गावापर्यंत गेलो. चित्र तिरकं केल्यावर जावळीचं खोरं उघडलं. वर्ग एकदम गप्प. मग मागच्या बाकावरून प्रश्न आला, ‘‘एवढे हत्ती-घोडे या रानात उतरवले, तर परत पळायचं कुठून?’’ महाराजांनी भेटीला प्रतापगडच का निवडला, हे मला सांगावंच लागलं नाही. मुलांनीच नकाशावर बोटं फिरवत एकमेकांना सांगितलं.

तयारीला मात्र दर रविवारी दोन तास जातात. लाइट ऐन तासाला जाते, म्हणून नकाशाच्या छापील प्रती जवळ ठेवायच्याच. टॅब कमी असले तरी चालतील, एका टॅबवर चार डोकी नीट बसतात. पण असा नकाशा आणि बटाटे नसतील तर नुसता टीव्ही लावू नका, असं मी शेजारच्या शाळेतल्या बाईंनाही सांगितलं. त्यांनी पुढच्या आठवड्यासाठी आमचा नकाशा मागून नेलाय.