ओव्हरड्राफ्ट 14 महिने वापरला, मग मॉर्गेजला (गृहकर्जाला) गेलो: माझा अनुभव

आम्ही इंग्लंडमध्ये रेडिंगला राहतो, दोघंही नोकरी करतो, मुलगी नर्सरीत. करंट अकाउंटवर 1500 पाउंडाचा ओव्हरड्राफ्ट (खात्यात पैसे संपले तरी तेवढे मायनसमध्ये जाऊन वापरता येतात) बँकेने स्वतःहूनच दिला होता आणि सुरुवातीला मला तो खरंच सोयीचा वाटला. ओव्हरड्राफ्ट हाताशी असला की आपले पैसे कुठे संपले आणि बँकेचे कुठे सुरू झाले हे चटकन कळतच नाही. पगार 28 ला, भाडं आणि नर्सरीची फी 1 ला, मग आईबाबांना पैसे पाठवायचे, की 10-12 तारखेपर्यंत खातं मायनसमध्ये. असं 14 महिने चाललं.

व्याज 39.9 टक्के. एप्रिल 2020 पासून इथल्या नियमाने रोजची ठरावीक फी बंद झाली आणि सगळं एकाच वार्षिक दरात सांगावं लागतं, तेव्हापासून बऱ्याच बँका 40 च्या आसपासच आहेत. 1000 पाउंड पूर्ण महिनाभर मायनस राहिले तर साधारण 28 पाउंड जातात. आमचे 15-20 जायचे आणि ते मला फार वाटत नव्हते, कारण त्याच वेळी आमचं डिपॉझिट (घरासाठी आपण स्वतः भरायची रक्कम) साठत होतं.

इथेच आमचं चुकलं, म्हणून हे जरा सविस्तर लिहितेय. मी लाइफटाइम आयसामध्ये पैसे भरत होते (पहिलं घर किंवा निवृत्तीसाठीचं बचत खातं, वर्षाला 4000 पर्यंत भरले की सरकार वर 25 टक्के देतं, नवऱ्याच्या नावावर पुण्यात फ्लॅट आहे त्यामुळे त्याला घरासाठी ते चालत नाही, जगात कुठेही घर असलं तरी तुम्ही फर्स्ट टाइम बायर नाही). त्यातून मध्येच पैसे काढले तर एकूण रकमेच्या 25 टक्के कापतात, म्हणजे 1000 भरून 1250 झालेले, हातात येतात 937.50. म्हणून डिपॉझिटला हात लावायचा नाही हे पक्कं ठरलेलं, ते बरोबरच होतं, पण दर महिन्याला त्यात भरायची रक्कम मी कमी करू शकले असते आणि ते मला सुचलंच नाही, इकडे बचत करत होते आणि तीच रक्कम तिकडे 40 टक्क्यांनी उसनी घेत होते.

अ‍ॅग्रीमेंट इन प्रिन्सिपल, म्हणजे साधारण किती कर्ज मिळेल याचा बँकेचा प्राथमिक होकार, ऑनलाइन पंधरा मिनिटांत मिळालं, आम्ही घरंही बघायला लागलो. पण तेव्हा कोणी स्टेटमेंट बघत नाही. खऱ्या अर्जाला तीन महिन्यांची स्टेटमेंट मागितली आणि त्यात नेमका डिसेंबर आला, भारताची तिकिटं काढलेली, लिमिट ओलांडली गेली आणि काउन्सिल टॅक्सचं (घरावरचा स्थानिक कर) डायरेक्ट डेबिट, म्हणजे खात्यातून आपोआप जाणारा हप्ता, पैसे नसल्याने परत गेलं. अर्ज नामंजूर.

मग मॉर्गेज ब्रोकरकडे गेलो. त्याने सगळी स्टेटमेंट समोर ठेवून नीट समजावलं. ओव्हरड्राफ्ट आहे म्हणून कोणी नाही म्हणत नाही, कधीमधी वापरला तरी चालतं. पण दर महिन्याला पगार येतो, खड्डा भरतो आणि पुन्हा तेवढाच खड्डा पडतो, हे बघणाऱ्याला असं दिसतं की या घरात हप्त्यासाठी जागाच नाही. त्यात परत गेलेलं डेबिट सगळ्यात वाईट. शिवाय लिमिट आणि वापरलेली रक्कम दर महिन्याला क्रेडिट फाइलवर (कर्जाच्या व्यवहारांची नोंद) जाते. आईबाबांना पाठवतो ते पैसेही नियमित खर्चात धरले, मला आधी राग आला होता, पण आम्ही ते थांबवणार नाही हे खरंच आहे, तर धरणारच.

पुढे सहा महिने लागले. आयसामध्ये भरणं पूर्ण थांबवून आधी मायनस संपवला. शून्याला आल्यावर लिमिट एकदम बंद नाही केली, टप्प्याटप्प्याने 250 वर आणली. मतदार यादीत दोघांची नावं घातली, भारतीय नागरिकांना कॉमनवेल्थमुळे इथे नोंदणी करता येते आणि लेंडरला (कर्ज देणाऱ्या बँकेला) पत्ता पडताळायला ते उपयोगी पडतं, चार वर्षं राहून आम्हाला हे माहीतच नव्हतं. भारतातल्या चांगल्या सिबिलचा इथे फारसा उपयोग नाही, त्यामुळे इथली फाइल जेवढी आहे तेवढीच.

दुसरा अर्ज ब्रोकरने दुसऱ्या लेंडरकडे टाकला. सलग तीन महिने खातं एकदाही मायनसमध्ये गेलेलं नव्हतं. भारतात पाठवायच्या पैशांबद्दल दोन प्रश्न आले, ओव्हरड्राफ्टबद्दल एकही नाही आणि तीन आठवड्यांत ऑफर आली.

सुविधा म्हणून ओव्हरड्राफ्टला मी पाचपैकी दोन देईन. एकदोन दिवसांची अडचण असेल तर ठीक, पण घर घ्यायचं डोक्यात असेल तर निदान सहा महिने आधी त्यातून बाहेर या. आणि डायरेक्ट डेबिटच्या तारखा बऱ्याचदा बदलून मिळतात, विचारून बघा. आमचा काउन्सिल टॅक्स आता पगारानंतर लगेच, 1 तारखेला जातो.