गोव्यात टोमॅटो निवडताना: आधी मूळ, मग फळ

चवथ उरकली, पावसाचा जोर ओसरला की पेडण्यापासून काणकोणापर्यंत परसात चार रोपं लावणाऱ्यांची एकच चौकशी सुरू होते: यंदा टोमॅटो कुठला घालायचा? बियांच्या पाकिटांवर तर लाल, पिवळा, गुलाबी, चॉकलेटी, लांबुडका, चपटा, द्राक्षाएवढा असे नाना अवतार दिसतात. चित्र बघून टोमॅटो घेणाऱ्याची गोव्यात हमखास फसगत होते. इथे टोमॅटो मुळावरून निवडायचा, म्हणजे इथल्या मातीतला मर रोग त्याचं मूळ सोसेल का, हे बघून. फळाचा विचार त्यानंतर.

टोमॅटोचं रूप हा मोठा चकवा आहे. याचा जंगली पूर्वज दक्षिण अमेरिकेत पेरू-इक्वेडोरकडे वाढतो आणि त्याचं फळ वाटाण्याहून थोडंच मोठं असतं. तिथून मेक्सिको, मग सोळाव्या शतकात युरोप, आणि पुढे जगभर जाताना प्रत्येक टप्प्यावर मूठभरच बी पुढे सरकलं. त्यात हे झाड स्वतःच्याच परागावर फळ धरणारं, म्हणजे बाहेरचं रक्त मिसळण्याची सवय नाही. २०१२ साली टोमॅटोचा संपूर्ण जनुकसंच प्रसिद्ध झाला, तेव्हा सुमारे ३५ हजार जनुकं मोजली गेली. पण आपल्याला दिसणारे हे सगळे अवतार घडवायला त्यांतली थोडकीच पुरतात. फळ लांबुडकं करणारी दोन, आतले कप्पे वाढवून फळ रुंद करणारी दोन, गर पिवळा ठेवणारं एक, असा सगळा हिशेब. गुलाबी टोमॅटोची साल सोलून उजेडासमोर धरा, ती जवळजवळ बिनरंगी दिसेल. लाल टोमॅटोची साल पिवळी निघते. गर दोघांचा लालच! गुलाबी आणि लाल यांत फरक काय तो सालीच्या त्या पिवळ्या रंगाचा, आणि पाकिटाची किंमत मात्र दुप्पट.

उलटी गंमत बाजारातल्या सगळ्या सारख्या दिसणाऱ्या लाल टोमॅटोंची. बेळगावहून घाट उतरून येणारा संकरित माल बघताना एकाला झाकावा नि दुसऱ्याला काढावा, पण या वाणांच्या पोटात जंगली नातेवाइकांकडून मुद्दाम आणलेले तुकडे असतात. पानं आकसवणाऱ्या पर्णगुच्छ रोगाला दाद न देणारी जनुकं चिली-पेरूच्या कोरड्या मुलखातल्या एका जंगली जातीतून आली. मुळांवर जगणाऱ्या सूत्रकृमींना अडवणारं जनुक दुसऱ्याच एका जंगली जातीतून. जुन्या, नटव्या, 'वारसा' म्हणून विकल्या जाणाऱ्या परदेशी जातींत हे बहुतेक नसतं.

आता गोव्याकडे वळू. आपली जमीन जांभ्याची, आम्ल, वर धो धो पाऊस आणि बाकीचे महिने दमट उष्मा. जमिनीतून येणाऱ्या जिवाणूजन्य मर रोगाला याहून सोयीचं घर मिळणार नाही. झाड फुलावर आलेलं असतं, सकाळी हिरवंगार, दुपारी मान टाकतं, दोन-तीन दिवसांत संपतं. पानं पिवळीसुद्धा पडत नाहीत. पाणी कमी पडलं असं वाटून लोक आणखी पाणी घालतात आणि शेजारच्या झाडालाही तोच प्रसाद मिळतो. खात्री करायची असेल तर मेलेल्या झाडाचं बुंध्याजवळचं खोड कापून स्वच्छ पाण्याच्या पेल्यात उभं धरा, टोक जेमतेम बुडेल इतकंच. काही मिनिटांत कापलेल्या जागेतून दुधट धागा खाली उतरताना दिसला, तर तो मर रोगच. अशा जागेत मर न सोसणारं कितीही महागाचं बी घाला, पैसे मातीत. फवारणीने हा रोग जात नाही, आणि वांगी, मिरची, बटाटा ही मंडळीही त्याच रोगाची यजमान. तेव्हा गेल्या वर्षी जिथे वांगी मेली तिथे यंदा साधा टोमॅटो नको. भात काढून वायंगणात, म्हणजे रब्बीत, भाजी करणाऱ्यांची जमीन काही महिने पाण्याखाली असते, म्हणून त्यांना हा त्रास तुलनेने कमी.

अशा मातीत उतरवायचे पर्याय कोणते? व्यवहारात तीनच. पहिला, मर सहन करणारं सरळ वाण. केरळ कृषी विद्यापीठाचे शक्ती, मुक्ती, अनघा हे याच कामासाठी काढलेले. केरळची आम्ल माती आणि आपली माती सख्ख्या बहिणी, म्हणून मला हे वाण इथे सगळ्यात समजूतदार वाटतात. फळ मध्यम, दिसायला साधं. मर सोसण्याचा गुण आणि मोठं फळ यांचं फारसं पटत नाही, ही पैदासकारांची जुनीच डोकेदुखी. पण बी घरी धरता येतं: पिकलेलं फळ पिळा, दोन दिवस आंबवा, धुवा, सावलीत सुकवा. पुढच्या वर्षी तेच झाड उभं.

दुसरा, बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचे अर्का रक्षक आणि अर्का सम्राट. हे संकरित वाण पर्णगुच्छ, मर आणि लवकर येणारा करपा या तिन्हींना तोंड देतात. फळ साधारण ९० ते १०० ग्रॅमचं, टणक, टिकाऊ. विकायला लावणार असाल तर डोळे मिटून हे घ्या. मात्र याचं बी धरून पुढच्या वर्षी पेरलंत तर एक झाड बुटकं, एक उंच, एक रोगाला बळी, अशी खिचडी उगवेल. बी दरवर्षी विकत, हे धरूनच चाला. आणि रोगप्रतिकार म्हणजे अमरपट्टा नव्हे. पाणी साचणाऱ्या खड्ड्यात रक्षकही मरतो.

तिसरा पर्याय कलमाचा: खाली वांग्याचा खुंट, वर आवडीचा टोमॅटो. तैवानच्या जागतिक भाजीपाला केंद्राने यासाठी ईजी २०३ सारखे वांग्याचे खुंट सुचवलेले आहेत. यात हवं ते फळ मिळतं, अगदी तो गुलाबी नटवासुद्धा. रोप महाग पडतं, आणि लावताना एक चूक सगळं घालवते: टोमॅटो खोल लावायची आपल्याला सवय असते, पण कलमाचा सांधा मातीत गाडला गेला की वरचा टोमॅटो स्वतःची मुळं सोडतो आणि खुंटाचा काही उपयोग राहत नाही. सांधा मातीच्या चार बोटं वर हवा. शिवाय खुंट फक्त मुळाची राखण करतो. पांढरी माशी पर्णगुच्छ घेऊन आली तर तो काही करू शकत नाही.

चवीचं काय, हे विचारणारे गावठीचे भक्त असतात आणि त्यांचं म्हणणं खोटं नाही. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात वाट्यावर मिळणारा चपटा, खाचांचा टोमॅटो आडवा कापून बघा: लहानमोठे कितीतरी कप्पे, त्यांत बुळबुळीत रस. टोमॅटोचा आंबटपणा आणि रुची मुख्यतः त्या रसात असते. संकरिताला दोन-तीन कप्पे आणि जाड भिंत, म्हणून तो प्रवासाला चांगला आणि साराला फिका. दुसरी खूण देठाजवळची. कच्च्या गावठी फळाच्या खांद्यावर गडद हिरवा पट्टा असतो. पैदासकारांनी तो घालवून सारखं, फिकट हिरवं फळ निवडलं, कारण त्याचा तोडा ठरवणं सोपं जातं. २०१२ साली कळलं की त्या पट्ट्याबरोबर फळात साखर तयार करायला हातभार लावणारं जनुकही निकामी झालं होतं. २०१७ च्या एका मोठ्या अभ्यासातही बाजारी वाणांत चवीशी निगडित अनेक सुवासिक द्रव्यं जुन्या जातींपेक्षा कमी आढळली. पुसा रुबी हे दिल्लीचं जुनं सरळ वाण या चपट्या-आंबट गटातलं. आपल्याकडे ते कुंडीत, नव्या मातीत लावावं. मर लागलेल्या जमिनीत नको. तसं बघितलं तर आपल्या हुमणाला आंबट द्यायला सोलं आहेतच, तेव्हा टोमॅटोचा आंबटपणा किती मोलाचा हे ज्याचं त्याने ठरवावं.

चेरी टोमॅटोबद्दल थोडक्यात: गोड, मुलं झाडावरूनच खातात, आणि उन्हाळा लागल्यावर मोठ्या फळाची फुलं गळत असताना हा सहसा धरत राहतो. रात्री गार नसल्या की टोमॅटोची फुलं गळतात, म्हणून आपल्याकडे मुख्य हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या लागवडीचाच. चेरीला उंच आधार हवा, कारण तो वाढायचा थांबत नाही. बाल्कनीत जागा नसेल तर बुटकं वाण घ्या. अवकाळी पावसात फळं तडकतात, त्याला इलाज नाही.

परदेशी काळे-जांभळे वारसा टोमॅटो हौसेचे. कुंडीत एखादं लावा, वाफ्यात नको.

परसात दहा रोपांची जागा असेल आणि जमीन जुनी, वांग्या-मिरचीची असेल, तर मी पाच अर्का रक्षक, तीन शक्ती आणि दोन चेरी अशी वाटणी करीन. गावठी हवाच असेल तर तो कुंडीत, पण कुंडीसाठी माती त्याच परसातली उचलायची नाही.